मुंबई ते न्यूअर्क : अंतर एक, तास वेगळे (आपले अनुभव लिहावेत)

पारिजातक : काल भाची मुंबईहून न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्कला निघाली. तिचे विमान मोबाइलच्या नकाशावर उत्तर युरोपाकडे चढत चाललेले पाहून वहिनींनी काळजीने विचारले, "हे रस्ता चुकले की काय?" माझ्या पहिल्या प्रवासात समोरच्या पडद्यावरचा तसाच वाकडा मार्ग पाहून मीही चक्रावले होते, त्याची आठवण झाली. लांबच्या विमानप्रवासातील अंतराचे आणि वेळेचे आपले अनुभव कृपया लिहावेत.

भूगोलवाले सर : वहिनींना पृथ्वीगोलावर मुंबई ते न्यूयॉर्क असा दोरा ताणून धरायला सांगावे. सपाट नकाशावर अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून जाणारी रेघ सरळ दिसते; गोलावर मात्र ताणलेला दोरा रशियावरून, आइसलंड आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून जातो, आणि तोच सर्वांत जवळचा, सुमारे १२,५०० किलोमीटरचा मार्ग आहे. वारा आणि कोणत्या देशाचे आकाश खुले आहे, हे पाहून प्रत्यक्षातले विमान त्यापासून बाजूला सरकते.

एडिसनची सून : तिकिटावर रात्री एकला प्रस्थान आणि त्याच दिवशी सकाळी साडेसातला आगमन असे वाचून आमच्या सासऱ्यांनी साऱ्या सोसायटीत साडेसहा तासांचा प्रवास असल्याचे सांगून टाकले. उन्हाळ्यात दोन्हीकडच्या घड्याळांत साडेनऊ तासांचा फरक असतो, त्यामुळे खरे तास सोळा! परतीला मात्र तास-दीड तास कमी लागला. येताना विमानालाही घराची ओढ लागते, असे सासूबाईंचे ठाम मत आहे.

आप्पा ठाणेकर : १९६० मध्ये एअर इंडियाचे बोइंग ७०७ लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागले. पुढे आम्ही प्रवास केला तेव्हाही लंडनला थांबा असे आणि पाय मोकळे करता येत. गुडघ्यांच्या दृष्टीने ती व्यवस्था उत्तम होती.

सांताक्लाराकर : सासूबाईंची ओढ म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे उंचावरचे वेगवान वारे. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान २०१६ मध्ये अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून जाऊ लागले, तेव्हा मार्ग सुमारे १,४०० किलोमीटरने लांबला, तरीही पाठीशी वारा असल्याने वेळ वाचला. तेव्हापासून मी किलोमीटर पाहणे सोडून दिले आहे.

दिल्लीवाली मावशी : आप्पा, आपले थांबे परत आले आहेत. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचे आकाश भारतीय विमान कंपन्यांना बंद झाल्यावर दिल्लीहून अमेरिकेकडे निघालेली काही विमाने इंधनासाठी व्हिएन्नाला उतरू लागली.

एडिसनची सून : सर, सासूबाई यंदा जानेवारीत येणार आहेत. तेव्हा किती वेळ धरावा?

भूगोलवाले सर : ताई, हे वारे हिवाळ्यात अधिक जोरदार असतात, म्हणून अमेरिकेला येताना जास्त वेळ धरावा आणि त्यांच्यासाठी मार्गिकेलगतचे आसन घ्यावे. शिवाय तेव्हा घड्याळांतला फरक साडेदहा तासांचा असेल, हे सासऱ्यांना आधीच सांगून ठेवावे.