मूळ करारनामा सापडत नाही आणि सदनिका नॉमिनीच्या नावावर आहे. विसार द्यावा का?

प्रश्न

नमस्कार. महाराष्ट्रातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेतील जुनी सदनिका घेण्याचा आमचा विचार आहे. बिल्डरबरोबरचा पहिला करारनामा १९९४ मध्ये विक्रेत्या बाईंच्या यजमानांच्या नावे नोंदवला गेला. ते २०११ मध्ये वारले आणि नामनिर्देशन पत्नीच्या नावे असल्यामुळे संस्थेने शेअर सर्टिफिकेटवर त्यांचे नाव चढवले. त्यांचा मुलगा त्यांच्याबरोबर राहतो, तर मुलगी परदेशात स्थायिक झालेली आहे.

अडचण अशी की १९९४ च्या करारनाम्याची अस्सल प्रत घरात सापडत नाही. झेरॉक्स तेवढी आहे. एजंटचे म्हणणे असे की इंडेम्निटी बाँड (नुकसान झाल्यास भरपाईची लेखी हमी) लिहून घेतला म्हणजे विषय संपला, आणि बाई एकट्या सही करू शकतात. विसाराची रक्कम या आठवड्यातच मागितली जात आहे. ती द्यावी का?

प्रतिसाद १

या आठवड्यात तरी देऊ नये.

आधी नॉमिनीचा प्रश्न घेऊ, कारण तोच अधिक गंभीर आहे. संस्थेने नाव चढवले याचा अर्थ पत्रव्यवहार कोणाशी करायचा आणि देखभाल खर्च कोणाकडून घ्यायचा हे ठरले, एवढाच आहे. मालकी वारसा कायद्याने ठरते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले, त्यातही वारसांची नोंद होईपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सदस्यच म्हटले आहे. त्यामुळे यजमानांनी मृत्युपत्र केलेले नसेल, तर मुलगा आणि मुलगी यांचाही सदनिकेत हिस्सा आहे, असेच धरून चालावे.

यावर मार्ग दोन आहेत. मुलांनी आईच्या नावे हक्कसोडपत्र करून द्यावे आणि ते दुय्यम निबंधकांकडे नोंदवावे. साध्या कागदावरचे किंवा केवळ नोटरी केलेले हक्कसोडपत्र स्थावर मिळकतीसाठी चालत नाही. नाहीतर तिघांनीही खरेदीखतात ‘लिहून देणार’ म्हणून सह्या कराव्यात. एजंटला घाई असते. खटला मात्र आपल्या नावावर चालतो.

प्रतिसाद २

हरवलेल्या प्रतीविषयी अनुभवाने सांगतो. ‘सापडत नाही’ हे उत्तर ऐकल्यावर पहिला प्रश्न ‘कुठे ठेवली होती’ हा नसून ‘तारण ठेवली होती का’ हा असावा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मधील कलम ५८ नुसार हक्काचे अस्सल कागद कर्जाच्या हमीपोटी सावकाराच्या स्वाधीन केले की गहाण तयार होऊ शकते. त्यासाठी गहाणखत लिहावेच लागते असे नाही.

आमच्या व्यवहारातही केवळ झेरॉक्स होती. तिच्या पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेला एक लांबलचक क्रमांक पुसट उमटला होता, ज्याकडे आम्ही कोणीच लक्ष दिले नव्हते. वकिलांनी मात्र चष्मा वर करून तो पाहिला आणि ‘हा कर्जखात्याचा दिसतो’ असे म्हणाले. चौकशी केली तेव्हा कळले की कर्ज कित्येक वर्षांपूर्वी फिटले होते, परंतु कागद परत आणायला घरातून कोणी गेलेच नव्हते. अस्सल करारनामा त्या बँकेच्या कपाटात सुखरूप होता.

म्हणून वकिलांकडून मिळकतीच्या नोंदींचा किमान तीस वर्षांचा शोध घ्यावा, सूची क्रमांक २ चा (नोंदवलेल्या दस्ताच्या सारांशाचा) उतारा काढावा आणि तारणाच्या नोंदींसाठी ‘सरसाई’ या केंद्रीय नोंदवहीतही शोध घ्यावा. एवढे करूनही प्रत खरोखरच हरवल्याचे दिसले, तर विक्रेत्यांनी पोलिसांकडे गहाळ झाल्याची नोंद करावी, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी, प्रतिज्ञापत्र करावे आणि निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत काढावी. इंडेम्निटी बाँड या सगळ्यानंतर येतो, याऐवजी नाही. तो भरपाईचे आश्वासन आहे. लिहून देणाऱ्याच्या खिशात असेल तेवढीच त्याची किंमत. गृहकर्ज घेणार असाल तर बँकेच्या वकिलांना प्रमाणित प्रत चालेल का, हे विसारापूर्वीच विचारून ठेवा.

प्रश्नकर्ता

आपल्या दोघांचे आभार. मुलाशी बोललो. वडिलांनी कधीतरी ‘दुकानासाठी’ कर्ज काढले होते, एवढे त्यांना आठवते. मृत्युपत्र नाही. मुलगी हक्कसोडपत्राला तयार आहे, पण तिला लगेच येणे शक्य नाही.

प्रतिसाद ३

तिने तेथील भारतीय दूतावासात किंवा नोटरीसमोर कुलमुखत्यारपत्र करून पाठवावे, मात्र त्यात हक्कसोडपत्र करून देण्याचा आणि ते नोंदवण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत लिहिलेला असावा. महाराष्ट्रात ते पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, म्हणून पाकिटावरचा शिक्का सांभाळून ठेवावा.

हक्कसोडपत्राचा आणखी एक फायदा आहे. किंमत ५० लाख रुपये किंवा त्याहून अधिक असल्यास निवासी विक्रेत्याला पैसे देताना १ टक्का कर कापून भरावा लागतो. मुलगी अनिवासी म्हणून विक्रेत्यांत आली, तर तिच्या हिश्श्यापुरते नियम आणि दर दोन्ही बदलतात आणि हिशेब किचकट होतो.

दुकानाच्या कर्जाचा धागा सोडू नका. कोणत्या बँकेचे कर्ज होते ते कळण्यासाठी यजमानांची जुनी पासबुके मागून घ्या आणि त्या बँकेकडून कर्ज बाकी नसल्याचे पत्र विक्रेत्यांनीच, त्यांच्या अर्जावर, आणावे.