मदत हवी आहे: हा किनाऱ्यावरचा छोटा पक्षी डनलिन की कर्ल्यू सँडपायपर?

ओहोटीला चिखलात आडवा पडून हे फोटो काढलेत. चोच काळी, खाली वाकलेली, पायही काळे. हिवाळी पिसाऱ्यात दोघेही राखाडी-पांढरे, तिथेच अडकलोय. उडताना शेपटीच्या वरचा भाग पूर्ण पांढरा दिसला तर कर्ल्यू सँडपायपर, मधून गडद पट्टी असेल तर डनलिन, एवढं माहीत आहे. पण थवा उठला तेव्हा कॅमेऱ्याचा शटर १/५०० सेकंदावर होता. सगळं धूसर आलं.

बसलेल्या पक्ष्यात चोचीचा बाक आणि पायांची लांबी यांवर कितपत भिस्त ठेवावी? भुवईची पांढरी रेघ मला तरी ठळक वाटतेय. आणि उडत्या थव्यासाठी १/२००० पुरेल का? मुद्दाम उठवायचं नाहीये त्यांना, शांतपणे चरू दे.