मुलाचा ऑटिझम आणि लसीचा प्रश्न : पुण्यातील पालकांचे अनुभव

स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलाच्या आईवडिलांना नातेवाईक, शेजारी आणि कधीकधी रिक्षावालेसुद्धा जे प्रश्न विचारतात, त्यांत एक हमखास असतो : "लस दिल्यावर झालं का हो असं?" थेरपी केंद्राबाहेरच्या बाकावर रोज तासभर बसणारे आम्ही काही पालक या प्रश्नावर इतक्या वेळा बोललो आहोत की, एकदा ते लिहूनच काढावे असे ठरले. ज्याला जे वाटत होते किंवा अजूनही वाटते, ते त्याने आपल्या घरच्या गोष्टीपुरते लिहावे, दुसऱ्याला शहाणे करण्यासाठी लिहू नये, एवढीच अट होती. (ती सर्वांनी पाळलेली नाही, आणि मोडणाऱ्यांत मी पहिली आहे.) आपलाही अनुभव असल्यास अवश्य लिहावा.

सिंहगड रस्ता, मुलगा 9 वर्षांचा

आमच्या मुलाला पंधराव्या महिन्यात एमएमआरचा (गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लसीचा) डोस दिला, आणि दीड वर्षाचा होईपर्यंत तो बोलत असलेले पाचसहा शब्द एकेक करून गेले. आधी 'काऊ' गेला, मग 'मम', शेवटी 'बाबा'. हे लसीनेच झाले, अशी माझी दोन वर्षे पक्की खात्री होती आणि ती काही वाचून झालेली नव्हती. मुलाच्या फायलीत लसीकरणाचे कार्ड होते, त्यावर डॉक्टरांच्या अक्षरात 12 मे अशी तारीख होती, आणि माझ्या आठवणीत त्या तारखेच्या अलीकडे एक मूल होते व पलीकडे दुसरे.

आता वाटते की मुलाच्या दुसऱ्या वर्षात तारीख घालून लिहून ठेवलेली गोष्ट बहुतेक घरांत एकच असते, ती म्हणजे हे कार्ड. त्याने हाकेला शेवटची ओ कधी दिली, बोटाने चंद्र दाखवणे कधी थांबले की मुळात सुरूच झाले नव्हते, याची नोंद कोणी ठेवत नाही. त्यामुळे मागे जाऊन शोधू लागले की हाताला लागते ती तेवढीच तारीख.

माझी खात्री मोडली ती आमच्याच घरातल्या एका व्हिडिओने. नणंदेने तिच्या जुन्या फोनमधून बोरन्हाणाचे चित्रण पाठवले होते. जानेवारीतले, म्हणजे तो 11 महिन्यांचा आणि त्या डोसच्या चार महिने आधीचा. हलव्याचे दागिने घालून त्याला पाटावर बसवले आहे, डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे आणि गोळ्या पडत आहेत, भोवतीची पोरे गोळ्यांवर झडप घालत आहेत. माझी जाऊ त्याला चार वेळा नावाने हाक मारते, पाचव्यांदा कानाजवळ टाळी वाजवते. तो मान वळवत नाही. गळ्यातल्या हाराचा एक दाणा चिमटीत धरून तो डोळ्याच्या अगदी कोपऱ्याशी नेतो, हलवतो, थांबतो, पुन्हा हलवतो. मागून कोणीतरी कौतुकाने म्हणते, "किती शांत आहे हो!" तो आवाज माझाच आहे.

हिंजवडी, मुलगा 11, मुलगी 7

मी संगणक क्षेत्रात काम करतो आणि पुरावा पाहिल्याशिवाय काही मानत नाही असा माझा समज होता. निदान झाल्यावरच्या पहिल्या वर्षी रात्री दोनदोन वाजेपर्यंत मी वाचत असे, आणि त्या वाचनातून दोन निर्णय घेतले. पहिला, शरीरातील जड धातू काढून टाकतो असे सांगणाऱ्या एका गृहस्थाकडून मुलासाठी महागडी पावडर आणि थेंब आणले. दुसरा, धाकट्या मुलीचा एमएमआर पुढे ढकलला.

एमएमआरचा ऑटिझमशी संबंध जोडणारा मूळ शोधनिबंध मात्र फार उशिरा पाहिला. अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरांचा तो निबंध फेब्रुवारी 1998 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि त्यात अवघ्या 12 मुलांची माहिती होती. पुढे ब्रायन डीअर या पत्रकाराने खणून काढले की लस कंपन्यांविरुद्ध दावा उभा करणाऱ्या वकिलाकडून वेकफिल्ड यांना पैसे मिळत होते आणि मुलांच्या नोंदी निबंधातल्या वर्णनाशी जुळत नव्हत्या. 2010 मध्ये 'लॅन्सेट'ने निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेने त्यांचे नाव डॉक्टरांच्या यादीतून काढले. मुलीबाबत माझा निर्णय बदलला तो 2019 च्या डेन्मार्कमधील अभ्यासामुळे. त्यात 6,57,461 मुलांच्या नोंदी तपासल्या होत्या. एमएमआर घेतलेल्या मुलांत ऑटिझमचे प्रमाण वाढलेले आढळले नाही, आणि ज्यांचे भावंड आधीच स्वमग्न होते अशा मुलांतही आढळले नाही. मला छळणारा नेमका प्रश्न तो होता.

मुलीला डोस दिला, पण दोन वर्षे उशिरा. तेवढ्यात 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडीकडे गोवराची साथ आली, मुले दगावली, आणि मुंबईहून कोणी पाहुणे येणार म्हटले की माझ्या पोटात गोळा येत असे. पावडर एकदाची फेकली ती, रक्तातील धातू काढण्याच्या अशाच उपचारात 2005 साली अमेरिकेत एक पाच वर्षांचा स्वमग्न मुलगा दगावल्याचे वाचल्यावर. पैसे गेल्याचे दुःख कमी आहे. त्या वर्षी वाणी उपचारासाठी वेळही नव्हता आणि पैसेही नव्हते, याचे जास्त आहे.

मांजरी, मुलगी 6 वर्षांची

मी लस तयार करणाऱ्या कारखान्यात पॅकिंग विभागात आहे, त्यामुळे आमच्याकडे प्रश्नाऐवजी टोमणा येतो. "तुमच्याच कंपनीनं केलं म्हणा की!" असे लग्नाच्या पंगतीत ऐकून घेतले आहे. लसीतल्या पाऱ्याने ऑटिझम होतो असेही लोक म्हणतात, त्या पाऱ्याबद्दल मात्र खुलासा करतो. ज्याची चर्चा होते तो थायोमर्सल हा पाऱ्याचा संयुग-पदार्थ काही लसींच्या अनेक डोसांच्या बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून असतो. गोवराच्या लसीत तो घालताच येत नाही, कारण ती जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लस आहे आणि थायोमर्सलने तो विषाणूच मरेल. ती कोरड्या भुकटीच्या रूपात येते आणि, जंतू रोखणारे काही नसल्यामुळे, पाण्यात मिसळल्यावर काही तासांत वापरावी लागते, नाहीतर टाकून द्यावी लागते. अमेरिकेत 2001 पर्यंत लहान मुलांच्या नेहमीच्या लसींमधून थायोमर्सल जवळजवळ काढून टाकले, तरी ऑटिझमची निदाने वाढतच राहिली. एवढे सांगेपर्यंत समोरच्याची जिलेबी संपलेली असते.

सदाशिव पेठ, मुलगा 36 वर्षांचा

माझा मुलगा 1989 चा. महापालिकेच्या दवाखान्यात त्याला नवव्या महिन्यात नुसती गोवराची लस मिळाली होती. एमएमआर हे नावही आमच्या कानावर नव्हते. सरकारी कार्यक्रमात गोवराला रुबेलाची जोड महाराष्ट्रात 2018 च्या मोहिमेपासून मिळाली. तरीही माझा मुलगा स्वमग्न आहेच.

आमच्या वेळी दोष लसीचा नव्हता, माझा होता. मी शाळेत शिकवत होते. एका नामांकित डॉक्टरांनी माझ्या यजमानांना, मी समोर बसलेली असताना, सांगितले की आईचा सहवास मिळत नाही म्हणून मुलगा कोषात गेला आहे. थंड मनाच्या आईमुळे ऑटिझम होतो, हे मत तेव्हा परदेशात मोडीत निघालेले होते, ते मला पुष्कळ वर्षांनी कळले. मी नोकरी सोडली. तो बोलला नाही तो नाहीच. मग 'प्रेम दिले नाही'चे 'सुई टोचू दिली' झाले, आणि 2025 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी गरोदरपणातील पॅरासिटॅमॉलकडे बोट दाखवल्यावर माझ्या भाचीने रडत फोन केला की सातव्या महिन्यात ताप आला तेव्हा तिने गोळी घेतली होती. प्रत्येक वेळी पिंजऱ्यात उभी राहते ती आईच. या गोष्टीत मोठा वाटा आनुवंशिकतेचा आहे असे शास्त्र सांगते, पण त्यासाठी कोणी माझ्या सासऱ्यांकडे वळून पाहिल्याचे मला आठवत नाही.

बिबवेवाडी, मुलगा 8 वर्षांचा

मला वरच्या सगळ्यांइतके निश्चित बोलता येत नाही. डोसनंतर नवव्या दिवशी माझ्या मुलाला ताप चढला आणि त्याला झटका आला. डोळे वर गेले, अंग ताठ झाले, तोंडातून फेस आला, आणि आम्ही स्कूटरवरून रात्री दवाखाना गाठला. दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरांना विचारले, तर ते म्हणाले, "लसीचा काही संबंध नाही, इंटरनेट वाचू नका." पुढे दुसऱ्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी शांतपणे सांगितले की एमएमआरनंतर साधारण एक ते दोन आठवड्यांत ताप येऊ शकतो, काही थोड्या मुलांना त्या तापात झटकाही येतो, तो बहुधा पुन्हा येत नाही, आणि त्याने ऑटिझम होत नाही. अशा घटनेची नोंद सरकारकडे करण्याची सोय आहे, हेही मला तेव्हाच कळले. माझे म्हणणे इतकेच की पहिल्या डॉक्टरांनी हे दोन मिनिटांत सांगितले असते, तर मी पुढची तीन वर्षे व्हॉट्सॲपवरच्या अनोळखी लोकांवर विश्वास ठेवला नसता.

कोथरूड, वय 24

मी पालक नाही, स्वमग्न आहे. आईने लिहायला सांगितले. लस घेऊन ऑटिझम होण्यापेक्षा गोवर परवडला, असे लोक माझ्यासमोर बोलतात आणि मला ऐकू येत नाही असे समजतात. मला सगळे ऐकू येते, ढोलपथकाच्या सरावाच्या दिवसांत तर नको इतके.

धायरी, मुलगा 10 वर्षांचा

आमच्याकडे आता वाद नाही, सुईचा प्रश्न आहे. दहाव्या वर्षीची टीडीची (धनुर्वात आणि घटसर्पाची) लस द्यायची होती आणि मागच्या रक्ततपासणीत चौघांनी धरून ठेवल्यापासून मुलगा पांढरा कोट दिसला तरी जमिनीवर आडवा होत असे. या वेळी मी आठ दिवस आधी फोटोंची वही केली : दवाखान्याचे दार, खुर्ची, दंड, कापूस, सुई, बाहेर पडणे, स्वारगेटची बस. सुईचा फोटो मी गाळणार होते. थेरपिस्ट ताईंनी गाळू दिला नाही. सकाळी दवाखाना उघडतानाची वेळ मागून घेतली, म्हणजे रांग नको आणि रडणारी बाळे नकोत.

तरी तो दारातच बसला. नर्सबाईंनी त्याला आत ओढले नाही. ट्रे घेऊन त्या स्वतः पायरीवर त्याच्या शेजारी येऊन टेकल्या. त्याने वही उघडली, कापसाच्या पानावर बोट ठेवले आणि दंड पुढे केला. टोचल्यावर ओरडला, मोठ्याने. मग पान उलटले आणि बाईंना बसचा फोटो दाखवला.