मटणासाठी व्हॅक्यूम सीलर कोणता घेऊ?

साकोलीकडचा_धानवाला:
राम राम मंडळी. गावात बोकड पडला की हिस्स्याचं मटण एकदमच चार-पाच किलो येते. साध्या पन्नीत बांधून डीप फ्रीझरमध्ये टाकतो, पण महिनाभरात कडा पांढऱ्या पडतात. मग मसाला कितीही झणझणीत घाला, तुकडे चिवटच. पिशवीतली हवा ओढून तोंड बंद करणारा स्वस्तातला सीलर चालते का? अन् आमच्याकडं लाइनचा काही भरोसा नाही.

गोंदियाचा_मासेवाला:
पट्टी दाबून हवा ओढणारी साधी मशीन घरी पुरते. पण तिला आतून खडबडीत जाळीची पिशवी लागते, गुळगुळीत पन्नीतून हवा निघत नाही. खर्च खरा तिथंच आहे. आधी पिशव्यांचा भाव काढा, मशीन मागून. सीलची पट्टी रुंद पाहा. बारीक असली तर दोनदा सील मारा.

अर्जुनीची_काकू:
भाऊ, धुतलेलं ओलं मटण तसंच लावू नका. रक्त-पाणी मशीनमध्ये ओढलं जाते अन् सील सुटते. ताटात पसरून तास-दोन तास फ्रीझरमध्ये कडक होऊ द्या, मग भरा. नळीच्या हाडाचं टोक पिशवी फाडते, त्यावर बटर पेपरची जाड घडी ठेवा.

गोंदियाचा_मासेवाला:
लाइनचं म्हणाल तर गच्च भरलेला फ्रीझर झाकण न उघडता 48 तासांपर्यंत तग धरते, अर्धा भरला तर 24. थंडी उणे 18 पाहिजेच. सील केलं म्हणून बाहेर टिकते असं नाही. हवेविना वाढणारे जंतूही असतात. वितळवायचंही फ्रिजमध्येच.

साकोलीकडचा_धानवाला:
अन् कलेजी?

अर्जुनीची_काकू:
ती त्याच दिवशी खा बा!