आजारपणात संकासूर करावा का?

वेंगुर्लेकर५८:
नमस्कार मंडळी. गावच्या जत्रेत दशावतारी नाटकात मी पोरवयापासून संकासूर, म्हणजे वेद चोरणारा विनोदी राक्षस, करतो, हौसेखातर. आता फुप्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज, बरा होणार नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, केमो चालू आहे ती दिवस वाढवायला. मुलं मुंबईला, फोनवर एकच, बाबा आराम करा. पडून राहिलं की मरणाशिवाय दुसरं काही सुचत नाही हो. त्रिपुरी पौर्णिमेपासून जत्रा लागतील, एकदा उभं राहायचंय. धाप लागेल ती लागू दे, पण अख्ख्या गावाला आजार माहितीय, लोक हसायचे सोडून डोळे पुसायला लागले तर काय करायचं?

पेटीवालो:
काका, तोंडार काळो बुरखो असता तुमच्या, त्येका बघून रडतलो कोण? आणि संकासूर दरवर्षी येद चोरता, दरवर्षी विष्णूच्या हातान मरता, तरी पोरां फुडच्या वर्षी पयल्या रांगेत हजर. आवाज नसलो तरी चालात, टायमिंग होया. सुरवातीचो आडदशावतार संपलो की घराक जावा, फुडच्या मुख्य आख्यानाक थांबू नकात.

सिस्टर_कणकवली:
काका, तारीख आधी डॉक्टरांना सांगा. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात, त्यात जत्रेची गर्दी म्हणजे इन्फेक्शनला आमंत्रणच. दुखण्याची गोळी चुकवू नका, 'झोप येते' म्हणून लोक सोडतात आणि मग तळमळतात. धूप, फटाक्यांच्या धुरापासून लांब, आणि रंगपटात एक खुर्ची हवीच. त्या बुरख्याचं कापड पातळ घ्या, जाड कापडात धडधाकट माणूसही गुदमरतो.

मालवणची_माई:
माझं थोडं वेगळं. गावाला हसवायचं ते हसवा, पण मुलांना नुसतं कळवू नका, रजा काढून या म्हणून सांगा. त्यांना तुमचा आजारच दिसतोय, संकासूर शेवटचा कधी बघितला असेल त्यांनी? आणि रडण्याचं म्हणाल तर पहिला विनोद स्वतःच्या आजारावरच मारा. संकासुराला भटजीची, सरपंचाची उडवायची मुभा आहे, मग केमोला का सोडायचं? तुम्ही हसलात की लोकही मोकळे होतील.

वेंगुर्लेकर५८:
माई, मुलांना आत्ताच फोन केला, धाकटी येते म्हणाली, मोठा अजून गप्पच आहे. सिस्टर, पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना विचारतो. केमोचे विनोद तर ढीगभर सुचलेत पण सगळे टकलावरचे, आणि टक्कल बुरख्याखाली. पेटीवाल्या, विष्णू मारतो तेव्हा बुरखा काढला तर चालेल काय रे?

पेटीवालो:
काढा. पण आधी विष्णूक सांगून ठेवा, नायतर तोच हसत बसात आणि तुमका मारूचो रवात.