मदत हवी आहे : एकांकिकेतल्या चिनी टॅटूची चूक पटेल का?

नमस्कार मंडळी, इथे चिनी वाचता येणारं कुणी आहे का?

एकांकिका लिहितोय. नायकाच्या दंडावरचा चिनी टॅटू चुकलेला आहे आणि पुढचं सगळं नाट्य त्यावरच उभं आहे. त्यामुळे चूक खरी वाटायला हवी. 'धैर्य' समजून 'सूप' गोंदवलं, हा विनोद 'द बिग बँग थिअरी' या मालिकेत पेनीच्या टॅटूवर होऊन गेलाय, तो नको.

'हान्झी स्मॅटर' हा ब्लॉग चाळला. २००४ पासून असल्या चुका गोळा केल्यात. टॅटूवाल्यांकडे म्हणे एक तक्ताच फिरायचा, ए ते झेडपर्यंत प्रत्येक इंग्रजी अक्षरासमोर एकेक चिनी अक्षर. चिनीत अशी वर्णमालाच नाही, तरी लोकांनी त्यावरून नावं गोंदवून घेतली! पण हे प्रेक्षकांना समजावण्यातच माझी दहा मिनिटं जातील.

मला भावला तो गायिका आरियाना ग्रांदेचा किस्सा. २०१९ मध्ये तिने 'सेव्हन रिंग्ज' गाण्याचं नाव तळहातावर जपानीत गोंदवलं. दुखतं म्हणून मधली अक्षरं गाळली. उरलं 'शिचिरिन', म्हणजे कोळशाची छोटी शेगडी. नंतर दुरुस्ती केली, तीही धड जमली नाही.

त्यावरून सुचलं ते असं. नायकाचं नाव अभय. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत 'अभय'साठी 'वू-वेइ' येतं. 'वू' म्हणजे नाही, 'वेइ' म्हणजे भीती. अक्षरं एकाखाली एक काढायची आहेत. छापलेलं स्टेन्सिल पुसलं जाऊ नये म्हणून टॅटूवाला खालून सुरुवात करतो. 'वेइ' पुरं होतं आणि आमचा अभय कळवळून उठतो, तो परत बसतच नाही. दंडावर राहते नुसती भीती.

आता शंका. आजच्या चिनी माणसाला एकटं 'वेइ' दिसलं तर 'भीती' असंच वाचेल, की अर्धवट तुटलेलं काहीतरी वाटेल? बोलताना भीतीसाठी ते 'पा' म्हणतात असं वाचलंय. शेवटी एक चिनी पर्यटक बाई तो टॅटू वाचते, त्यामुळे तिची पहिली प्रतिक्रिया चुकून चालणार नाही. हसेल, की विचारेल 'वरचं अक्षर कुठंय?'

(फुटबॉलपटू बेकहॅमने बायकोचं नाव हातावर देवनागरीत गोंदवलं, त्या 'व्हिक्टोरिया'त 'ह' जास्तीचा म्हणून जगभर हसं झालं होतं. आपण मराठीत 'व्ह'च लिहितो की! त्या माणसाला उगाच छळलं.)

रंगभूषा करणाऱ्यांनाही एक विचारायचंय. चौथ्या रांगेतून दिसेल एवढं अक्षर दंडावर रोज रंगवायचं, की तात्पुरत्या टॅटूचे स्टिकर छापून मिळतात? घामाने किती टिकतात? बजेट कॉलेजच्या एकांकिकेचं असतं तेवढंच आहे.