६ आणि ७ मध्ये फरक कितीसा?

भूकंपाबद्दल कुणीतरी म्हटलंय की ६ आणि ७ रिश्टरमध्ये एकाचाच तर फरक. अहो नाही, ती लॉग स्केल आहे! म्हणजे एक आकडा वाढला की भूकंप मोजणाऱ्या यंत्रावरची रेघ दहापट मोठी हलते आणि ऊर्जा साधारण ३२ पट, म्हणजे ६ चा ८ झाला की थेट हजारपट.

आणि खरं सांगायचं तर मोठ्या भूकंपांना आता रिश्टर वापरतच नाहीत, बातम्यांना सवय लागलीय एवढंच. चार्ल्स रिश्टर या शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये ती स्केल कॅलिफोर्नियातल्या भूकंपांसाठी, एका ठराविक यंत्रावर बेतली होती: १०० किमीवरून रेघ १ मिलिमीटर हलली तर ३, १० मिलिमीटर हलली तर ४. पण साधारण ७ च्या पुढे हा आकडा अडकतो, भूकंप कितीही मोठा असला तरी फारसा वाढत नाही. म्हणून १९७९ मध्ये हँक्स आणि कानामोरी या शास्त्रज्ञांनी मोमेंट मॅग्निट्यूड हे नवं माप आणलं, त्यात जमिनीतल्या भेगेचा किती भाग सरकला, किती मीटर सरकला आणि खडक किती कडक होता ते धरतात. चिलीच्या १९६० च्या भूकंपाचा ९.५ हा आकडा त्यातलाच.

घरं किती पडली ते मर्कॅली स्केलवर, ते वेगळंच प्रकरण, गावागणिक बदलतं.